जर्मनी समजून घ्यायचीय? मग हिटलरचे सिनेमे जरा नंतर बघा

आपल्याकडे सिनेमा बघणाऱ्या कुणालाही विचारा, जर्मन सिनेमे कुठले बघितलेस, तर उत्तरं साधारण ठरलेली असतात. 'डाऊनफॉल', 'द लाइव्ज ऑफ अदर्स', 'गुड बाय लेनिन', आणि आता नेटफ्लिक्समुळे 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'. म्हणजे हिटलर, श्टाझी (पूर्व जर्मनीचे गुप्त पोलीस), बर्लिनची भिंत आणि खंदक. चारही सिनेमे चांगले आहेत, एकालाही मी वाईट म्हणणार नाही. पण हे बघून जर्मन समाज कळला असं कुणी म्हणालं तर मला ते अजिबात पटत नाही. या सिनेमांतून कळतं ते एवढंच की आपल्या भूतकाळाबद्दल जगाने काय लक्षात ठेवावं असं जर्मनीला वाटतं. आजच्या जर्मनीत बिल्डिंगच्या जिन्यात भेटलेली शेजारीण तुमच्याशी कशी वागेल, शाळेत चोरी झाली तर पहिलं पाकीट कुणाचं तपासलं जाईल, हॉस्पिटलमध्ये परदेशी पेशंटकडे डॉक्टर कसा बघेल, हे त्या चार सिनेमांत कुठेच नाहीये.

आणि हा काही फिल्म सोसायटीतल्या चहाबरोबर चघळायचा विषय राहिलेला नाही. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आता भारतीय पहिल्या नंबरवर आहेत, 2023-24 च्या हिवाळी सत्रात जवळपास 49 हजार मुलं होती. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याबरोबर कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात नर्सेस आहेत, ड्रायव्हर आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत. पुण्यात तर जर्मनचे क्लास गल्लोगल्ली झालेत. मुलं बी वन, बी टू या भाषेच्या परीक्षा घासून घासून पास होतात, आणि 'जर्मन कल्चर' म्हणून त्यांना काय शिकवलं जातं, तर वेळेवर जा, कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाका, रविवारी दुकानं बंद असतात, रात्री दहानंतर आवाज करू नका. हे सगळं खरं आहे आणि उपयोगाचंही आहे. पण हे म्हणजे एखाद्या घरात सून म्हणून जाणाऱ्या मुलीला फक्त गॅस कुठे आहे आणि पाणी कधी येतं तेवढं सांगण्यासारखं झालं.

माझं म्हणणं सरळ आहे. जर्मनीत कामाला, शिकायला जाणाऱ्या आपल्या माणसांना जर्मन समाज सिनेमातून दाखवायचा असेल तर ऑस्करवाल्या इतिहासाच्या सिनेमांपासून सुरुवात करू नका. बाहेरून कामाला आलेल्या माणसांवरचे आणि त्यांच्या मुलांनी केलेले सिनेमे आधी दाखवा, आणि पूर्व जर्मनीबद्दल पूर्व जर्मनांनीच केलेले.

सगळ्यात आधी जर्मन दिग्दर्शक फासबिंडरचा 1974 चा सिनेमा, इंग्रजीत 'अली: फिअर ईट्स द सोल' म्हणून ओळखला जातो तो. म्युनिकमधली एमी, साठीची विधवा, ऑफिसांमध्ये साफसफाई करते. एका पावसाळी रात्री ती एका बारमध्ये शिरते, तिथे सगळे अरब कामगार बसलेले असतात, आणि गंमत म्हणून एक मोरोक्कन मेकॅनिक, अली, तिच्याबरोबर नाचतो. तो एका खोलीत पाच-सहा जणांबरोबर राहणारा, तिची मुलं लग्न होऊन लांब गेलेली. दोघं एकटे आहेत आणि दोघांचं जमतं. फासबिंडरने हा सिनेमा पंधराएक दिवसांत शूट केला होता आणि तेव्हा तो तिशीचाही नव्हता, हे आठवलं की मला आजही थक्क व्हायला होतं.

यातलं लग्न कसं ठरतं ते नीट बघा. घरमालकाचा मुलगा येतो आणि अगदी सभ्यपणे सांगतो की पोटभाडेकरू ठेवायला नियमात परवानगी नाही. एमी पटकन बोलून जाते की हा पोटभाडेकरू नाही, आम्ही लग्न करणार आहोत. तो म्हणतो, असं होय, मग काही प्रश्न नाही, माफ करा. त्याच्या मनात काही वाईट नाहीये! त्याला फक्त नियमाचं पडलंय. मग शेजारणी संगीताचा आवाज होतोय म्हणून पोलिसांना बोलावतात, पोलीस येतात, तेही नीट बोलतात, आवाज कमी करा म्हणतात आणि जातात. या सिनेमात यंत्रणा उद्धट नाहीये, उद्धट आहेत ती ओळखीची माणसं, ज्यांच्याबरोबर एमीने वर्षानुवर्षं जिना पुसलाय. बी टूच्या कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नसतं की नियम आणि माणूस या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नियम तुमच्या बाजूने असू शकतो आणि तरीही कुणी तुमच्याशी बोलणार नाही, किंवा उलटंही होऊ शकतं.

पुढे तर अजून कडक आहे. एमीचा मुलगा बातमी ऐकून टीव्हीला लाथ घालतो, किराणावाला अलीला माल द्यायला टाळाटाळ करतो, कामावरच्या बायका एमीपासून लांब जाऊन डबा खातात. आणि मग काही दिवसांनी सगळे परत गोड होतात, ते काही मन बदललं म्हणून नाही. मुलाला आपलं पोर सांभाळायला आई हवी असते, शेजारणीला सामान ठेवायला एमीची तळघरातली जागा हवी असते, दुकानदाराला गिऱ्हाईक हवं असतं. गरज लागली की परका चालतो. युरोपातल्या कामगार टंचाईवरची कितीही भाषणं ऐका, इतक्या स्वच्छपणे हे कुणी सांगितलेलं मला तरी माहीत नाही.

आणि फासबिंडर एमीलाही सोडत नाही, म्हणून तर हा सिनेमा मोठा. ती मैत्रिणींना अलीचे दंड दाबून बघायला लावते, जणू बाजारातून काही आणलंय. त्याला कुसकुस खावंसं वाटतं तर ती म्हणते इथल्या पद्धतीची सवय कर. कामावर युगोस्लाव्हियातून एक नवीन बाई येते, तर तिला जिन्यात एकटं बसवून बाकीच्यांबरोबर एमीसुद्धा पगारवाढीच्या गप्पा मारते, कालपर्यंत तिथे ती स्वतः एकटी बसलेली होती. एमी वाईट बाई नाहीये, उलट सगळ्या सिनेमात तिच्यासारखं प्रेमळ कुणी नाही. ती सहज सांगून टाकते की वडील हिटलरच्या पक्षात होते आणि मीही होते, तेव्हा जवळजवळ सगळेच होते, आणि लग्नाच्या दिवशी अलीला जेवायला नेते ते हिटलर जिथे जेवायला यायचा त्या हॉटेलात, का तर तिला कधीपासून तिथे जायचं होतं. हिटलरवर आख्खा सिनेमा काढून जे कळत नाही ते त्या एका जेवणात कळतं. तो काळ संपला, पण त्या काळातली माणसं कुठे गेली नाहीत, ती त्याच जिन्यात राहात होती, साफसफाई करत होती, आणि त्यांच्यातलीच एक एका मोरोक्कन माणसावर मनापासून प्रेम करत होती.

शेवटी अली अल्सर फुटून हॉस्पिटलमध्ये जातो. डॉक्टर एमीला सांगतो की परदेशी कामगारांमध्ये हे नेहमी होतं, ताणामुळे, आम्ही ऑपरेशन करतो आणि सहा महिन्यांनी ते परत येतात. आता विचार करा की आपल्याकडून नर्स म्हणून जाणारी मुलगी अशाच कुठल्यातरी वॉर्डात काम करणार आहे. तिथे तिच्यासमोर पलंगावर असणार आहेत ते एमीच्या नंतरच्या पिढीचे जर्मन म्हातारे, आणि त्यांच्या शेजारच्या पलंगावर अलीच्या पिढीचे, तुर्कस्तानातून, इटलीतून, मोरोक्कोतून विशीत आलेले आणि आता सत्तरी-ऐंशीला पोचलेले कामगार. या दोघांमध्ये काय होऊन गेलंय ते तिला कुणी सांगितलंय का?

थोडा इतिहास सांगतो कारण त्याशिवाय पुढचे सिनेमे कळणार नाहीत. महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत कारखाने धडाधड चालू झाले आणि माणसं कमी पडली, म्हणून 1955 मध्ये इटलीशी करार झाला, 1960 मध्ये स्पेन आणि ग्रीसशी, 1961 मध्ये तुर्कस्तानशी, मग मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया, युगोस्लाव्हिया. 1973 मध्ये तेलाचं संकट आल्यावर भरती बंद केली. तोपर्यंत साधारण 1 कोटी 40 लाख माणसं येऊन गेली होती आणि त्यातली 1 कोटी 10 लाखाच्या आसपास परत गेली. बाकीची राहिली, त्यांनी बायकामुलं आणली. 1964 मध्ये दहा लाखावा कामगार म्हणून एका पोर्तुगीज माणसाचं कोलोनच्या स्टेशनवर बँडबाजा लावून स्वागत झालं आणि त्याला मोपेड भेट दिली, तो फोटो जर्मनीत खूप प्रसिद्ध आहे. पण ही माणसं कायमची राहणार हे सरकारने मनावर घ्यायला कित्येक दशकं लावली. जर्मनीत जन्मलेल्या परदेशी माणसाच्या मुलाला जन्मामुळे नागरिकत्व मिळायची सोय 2000 साली आली, तीसुद्धा अटींसकट.

'आल्मान्या' नावाचा 2011 चा सिनेमा याच स्टेशनवरून सुरू होतो, फक्त त्यातला आजोबा दहा लाख एकावा असतो, एका नंबरने मोपेड हुकलेला. यास्मिन शामदेरेली आणि तिची बहीण नेसरीन या दोघींनी तो लिहिला, यास्मिनने दिग्दर्शन केलं, दोघी डॉर्टमुंडच्या, तुर्की कुटुंबातल्या. तो हलकाफुलका आहे, घरच्या सगळ्यांना घेऊन बघता येईल असा, आणि त्यात एक युक्ती आहे जी मला कुठल्याही गंभीर सिनेमाइतकीच मोलाची वाटते. तुर्की कुटुंब जर्मन भाषेत बोलतं म्हणजे प्रेक्षकाला त्यांचं सगळं कळतं, आणि जर्मन माणसं मात्र काहीतरी अगम्य बडबडतात. थिएटरमध्ये बसलेल्या जर्मन माणसाला पहिल्यांदा स्वतःची भाषा बाहेरच्याच्या कानाने ऐकायला लागते. नातवाला शाळेत फुटबॉल खेळताना ना तुर्की टीम घेते ना जर्मन टीम, आणि बाईंच्या नकाशावर आजोबांचं गाव येतच नाही कारण नकाशा इस्तंबूललाच संपतो. आपली जी मुलं तिकडे लग्न करून, पोरंबाळं होऊन राहणार आहेत त्यांच्यासाठी ही गोष्ट आहे, आत्ताची नाही, दहा-पंधरा वर्षांनंतरची.

हे सगळं गोड नाहीये हेही सांगायलाच हवं. 2000 ते 2007 मध्ये निओनाझींच्या एका टोळीने दहा खून केले, त्यातले नऊ जण तुर्की, कुर्द आणि ग्रीक वंशाचे छोटे दुकानदार, कामगार असे, आणि एक पोलीस महिला. कितीतरी वर्षं पोलीस मेलेल्यांच्या घरच्यांनाच प्रश्न विचारत होते, ड्रग्जचा धंदा होता का, माफियाशी संबंध होते का, बाहेर कुठे लफडं होतं का. 2011 मध्ये खरं बाहेर आलं. हाम्बुर्गच्या फातिह आकिनने यावरून 2017 मध्ये 'इन द फेड' केला, डायने क्रुगरला त्यासाठी कान महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. सिनेमाचा शेवट मला आवडत नाही, बदला घेण्याकडे जाणारा सिनेमा मला कधीच पूर्ण पटत नाही. पण पहिल्या भागात नवरा आणि मुलगा गमावलेल्या बाईलाच पोलीस ज्या आवाजात प्रश्न विचारतात, तो भाग आपल्याकडच्या प्रत्येक माणसाने बघावा.

आता पूर्व जर्मनीचं. 'द लाइव्ज ऑफ अदर्स' हा सिनेमा जगभर चालला, ऑस्कर मिळालं, आणि आपल्याकडेही पूर्व जर्मनी म्हटलं की लोकांना कानाला हेडफोन लावून बसलेला तो श्टाझीचा अधिकारीच आठवतो. पण तो लिहिला आणि दिग्दर्शित केला पश्चिम जर्मनीत जन्मलेल्या माणसाने. बर्लिनच्या होहेनशोनहाउझेन इथे श्टाझीचा तुरुंग होता, तिथल्या स्मारकाच्या तेव्हाच्या संचालकांनी शूटिंगला परवानगी नाकारली, कारण आपल्या सावजाला वाचवायला स्वतःला धोक्यात घालणारा असा अधिकारी प्रत्यक्षात एकही माहीत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. 'गुड बाय लेनिन'चा दिग्दर्शकही पश्चिमेचाच. त्यामुळे हे सिनेमे खोटे ठरत नाहीत, पण निम्म्या देशाची गोष्ट उरलेल्या निम्म्याने सांगितली आणि तीच जगाला मिळाली, हे डोक्यात ठेवून ते बघायला पाहिजेत.

त्यांच्याऐवजी, किंवा निदान त्यांच्याबरोबर, आंद्रेआस ड्रेझेनचा 2018 चा 'गुंडरमान' बघा. ड्रेझेन पूर्वेतला, लेखिका पूर्वेतली. गेऱ्हार्ड गुंडरमान हा खराखुरा माणूस, पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स भागातल्या कोळसा खाणीत प्रचंड एक्स्कॅव्हेटर चालवायचा, रात्री गाणी लिहायचा आणि गायचा, नाव झालं तरी त्याने खाणीतलं काम सोडलं नाही. आणि तो श्टाझीचा खबऱ्याही होता, मित्रांबद्दल रिपोर्ट द्यायचा. 1989 मध्ये श्टाझीचे 91 हजार पूर्णवेळ कर्मचारी होते आणि खबरे पावणेदोन लाखांच्या आसपास, म्हणजे हे काही मूठभर राक्षसांचं काम नव्हतं. फायली उघडल्यावर हा माणूस स्वतःची फाइल बघतो आणि आपण किती काय सांगून बसलोय ते त्याला आठवतही नाही. सिनेमा त्याला माफ करत नाही आणि फाशीही देत नाही. त्याला खरंच समाजवादी व्हायचं होतं, खाणीत चुकीचं दिसलं की तो साहेबांशी भांडायचा, आणि तोच माणूस चुगल्याही करायचा. लायप्झिग किंवा ड्रेस्डेनला शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना तिथले पन्नाशी-साठीचे लोक कधी कधी कडवट वाटतात, त्या कडवटपणामागे काय आहे ते या सिनेमात आहे. भिंत पडल्यावर खाणी बंद झाल्या, नोकऱ्या गेल्या, आणि वर तुमचं आख्खं आयुष्य म्हणजे श्टाझी असं बाहेरच्यांकडून ऐकून घ्यावं लागलं.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे इतिहासाचे सिनेमे बघूच नयेत का? तसं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट आपल्या महाराष्ट्रात त्यांची जरा जास्तच गरज आहे. आपल्याकडे फुटपाथवर, स्टेशनच्या स्टॉलवर हिटलरचं आत्मचरित्र अजून मांडलेलं असतं, आणि "काही म्हणा, माणूस शिस्तीचा होता" असं म्हणणारे सुशिक्षित काका प्रत्येक सोसायटीत भेटतात. त्यांनी ते सिनेमे जरूर बघावेत. सिनेमाने समाज हलतो याचा पुरावाही जर्मनीतच आहे. 1979 च्या जानेवारीत पश्चिम जर्मनीच्या टीव्हीवर 'होलोकॉस्ट' नावाची अमेरिकन मालिका दाखवली, दोनेक कोटी लोकांनी ती बघितली, घराघरात मुलांनी आईवडिलांना विचारलं की तेव्हा तुम्ही कुठे होता, आणि त्याच वर्षी जुलैत संसदेने खुनाच्या गुन्ह्यावरची मुदत उठवली, म्हणजे नाझी खुनी कितीही वर्षांनी सापडला तरी खटला चालवता येईल. पण एक बघा, ही मालिका त्यांच्या देशात परिणाम करून गेली कारण प्रश्न त्यांच्या घरातला होता. आपण पुण्यात बसून नाझींवरचा सिनेमा बघतो तेव्हा आपल्याला काहीच पणाला लावावं लागत नाही, वाईट माणूस कोण ते आधीच माहीत असतं. अली आणि एमीच्या जिन्यात मात्र आपण स्वतः उभे असतो, कधी अलीच्या जागी आणि, खरं सांगायचं तर, कधी त्या शेजारणींच्या जागी. परप्रांतीय भाडेकरूला, मुसलमान भाडेकरूला नकार देणाऱ्या सोसायट्या आपल्याकडे कमी आहेत का?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हे सगळे सिनेमे महोत्सवातले, सामान्य जर्मन माणूस काही फासबिंडर बघत नाही. बरोबर आहे. सामान्य जर्मन माणूस रविवारी रात्री सव्वाआठला 'टाटऑर्ट' बघतो, 1970 पासून चालू असलेली पोलीस तपासाची मालिका, प्रत्येक शहराची तपास करणारी जोडी वेगळी, आणि सोमवारी ऑफिसात त्यावर चर्चा. मी तर म्हणेन क्लासमध्ये तीसुद्धा लावा, भाषेसाठी उत्तम आहे, आणि म्युन्स्टर, कोलोन, ड्रेस्डेन असं फिरणंही होतं. समाजाला स्वतःबद्दल काय बघायला आवडतं ते अशा मालिकेतून कळतं, पण जे बघणं टाळलं जातं ते कळायला फासबिंडरच लागतो. मला दोन्ही हवंय.

आणि सगळ्यात अलीकडचा म्हणून 'द टीचर्स लाउंज' जरूर घ्या, 2023 चा, इल्कर चाताकचा, तोही बर्लिनमध्ये तुर्की घरात जन्मलेला. एका शाळेत चोऱ्या होतायत, वर्गात शिरून मुलग्यांना पाकिटं बाहेर काढायला लावतात, "कुणाला नको असेल त्याने देऊ नका" असंही वर म्हणतात, आणि संशय जाऊन बसतो तो अली नावाच्या मुलावर. त्याच्याकडचे पैसे घरच्यांनीच दिलेले असतात. वर्गशिक्षिका कार्ला पोलिश घरातली आहे, आणि दुसरा एक सहकारी तिच्याशी पोलिशमध्ये बोलायला लागतो तेव्हा ती त्याला जर्मनमध्ये बोल म्हणते. पालकसभा, मुलांचं स्वतःचं वर्तमानपत्र, शिक्षकांच्या मीटिंगा, सगळं नियमाने, सगळं चर्चा करून, सगळ्यांचे हेतू चांगले, आणि तरी गोष्ट हाताबाहेर जाते. पन्नास वर्षांपूर्वीच्या म्युनिकमधल्या जिन्यापासून या शाळेपर्यंत काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हे दोन सिनेमे लागोपाठ दाखवले की वर्गात आपोआप बोलणं सुरू होईल.

मुलं घाबरतील, जायचंच नको म्हणतील, अशी भीती क्लासवाले आणि एजंट बोलून दाखवतात. माझ्या मते ज्याने सव्वालाख-दीडलाख फी भरून, भाषा शिकून, घरच्यांना समजावून जायचं ठरवलंय तो दोन तासांच्या सिनेमाने मागे फिरत नाही. अंधारात जाऊन आपटलेला मात्र फिरतो, आणि तोही कर्ज डोक्यावर घेऊन. सरकार करार करतंय, भाषेवर खर्च करतंय, तर प्रशिक्षणात महिन्यातून एक सिनेमा मराठी सबटायटल्ससकट आणि नंतर तासभर चर्चा, एवढं घालायला काय हरकत आहे? पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, फिल्म इन्स्टिट्यूट आहे, जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन आहे, जर्मनमधून थेट मराठीत भाषांतर करू शकणारी माणसं आहेत. आणि तिकडे दहा-बारा वर्षं राहून आलेल्या मराठी नर्सेस, इंजिनिअर यांना त्या चर्चेला बोलवा, सिनेमात दाखवलंय त्यातलं काय खरं निघालं आणि काय नाही, ते त्यांनाच सांगू द्या.